मांजरीचे अळणी पान

वडनेरच्या आमच्या घरातील मांजर म्हातारी झाली आणि तिची तहान वाढली. पूर्वी पाण्याकडे ढुंकूनही न पाहणारी ही मांजर आता दिवसभर गाडग्यात तोंड घालून बसू लागली. घराच्या कोपऱ्यांतही वारंवार ओल दिसू लागली. आईने या दोन गोष्टींचा संबंध जोडला आणि गाडगे उचलून फळीवर ठेवले.

"पानी पिऊ पिऊ सारं घर ओलं करून राह्यली थे. पानीच नाही भेटलं तं कुठून करन?"

तर्क सुबक होता, परंतु उलटा होता. मांजर झपाट्याने वाळली, तिचे केस राठ झाले आणि खाण्यावरची तिची वासना उडाली. मी गावच्या शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो. एका सुट्टीच्या दिवशी तिला टोपलीत घालून मी मलकापूरच्या गुरांच्या दवाखान्यात नेले. तिथे बैलांची रांग लागलेली होती.

"काय आनलं गुरुजी? कोंबडी?" पुढच्या शेतकऱ्याने विचारले.

"मांजर."

"मांजर! वखराले जुंपता का तिले?"

सारी रांग हसली, मीही हसलो.

डॉक्टरांनी मात्र तिचे पोट शांतपणे चाचपले. तिच्या मानेवरची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली, तेव्हा ती कातडी फार सावकाश पूर्ववत बसली. हे अंगातले पाणी आटल्याचे लक्षण होते. घरी परतल्यावर त्यांचे सांगणे मी आईला क्रमाने समजावले. मूत्रपिंडे ही शरीराची गाळणी. म्हातारपणी ती थकतात आणि रक्तातला मळ बाहेर टाकायला त्यांना जास्त पाणी लागते. म्हणजे लघवी आधी वाढते आणि तहान तिच्या मागून येते. पाणी तोडले तर मळ रक्तातच साचतो. दुखणे बरे होणार नाही, पण सांभाळता येईल. पाणी मुबलक द्यायचे, मऊ भातात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग कालवायचा आणि मीठ अजिबात घालायचे नाही.

पाणी आईने त्याच क्षणी खाली ठेवले. घरातल्या चुलीवर अंडे चालत नसे, म्हणून अंडी अंगणात तीन दगडांवर उकडण्याचे वडिलांनी मान्य केले. अडले ते मिठावर.

"अळणी?" आईचा आवाज चढला. "अळणी सुतकात खातेत. जित्या जिवाले माह्या घरात अळणी वाढू मी?"

मांजर तर चुलीजवळ मान टाकून पडली होती. तिच्या पोटात काही गेले नाही तर ती फार दिवस काढणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आई भात ढवळत राहिली. मग एकाएकी म्हणाली, "काऊन रे, देवाच्या पानात कुठी मीठ वाढतो आपन?"

"नाही वाढत."

"मंग झालं तं!"

तिने केळीच्या पानाचा तुकडा घेतला, त्यावर भात आणि अंडे कालवले, वर लोण्याचा ठिपका दिला आणि पानाभोवती पाणी फिरवले. वडील दारातून पाहत होते.

"आता आरतीबी करजो तिची!"

"करीन! तुमी घंटी वाजवा."

मांजरीने पान हुंगले, थांबली, पुन्हा हुंगले. प्रथम लोणी चाटले, मग कडेचा भात. आई पुढे वाकली होती. अर्धे पान संपले, तसे आईने माझ्याकडे असे पाहिले, जणू हा उपचार मुळात तिनेच शोधला होता.

दुखणे राहिले, पण केसांवर पुन्हा तकाकी आली आणि कपाशीच्या वेचणीपर्यंत मांजर ओट्यावरच्या उन्हात पाय ताणून झोपू लागली. रोज भात उतरला की पहिले पान तिचे निघे.

"अन् आमचं?" शेतातून भुकेले आलेले वडील विचारत.

"थांबा जरासे," आई मागे वळून न पाहता म्हणे, "तिचं होऊ द्या पहिले."