ढोलवाल्याचा कोट

कार्निव्हल जवळ आला की शहरातले दुकानदार काचांवर फळ्या ठोकून घेतात, मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या विजेच्या तारा उंच केल्या जातात, आणि बसडेपोमागच्या शेडमधून चित्ररथांच्या रंगाचा वास येऊ लागतो. त्याच सुमारास टाचणीमावशींच्या तळमजल्यावरच्या खोलीत बँडचे लाल कोट येऊन पडतात. मावशींच्या ओठांत कायम टाचण्या असतात, म्हणून हे नाव. टाचण्या न काढता त्या भांडूही शकतात.

कोट जुने आहेत. तसलं कापड आता मिळत नाही, त्यामुळे माणूस बदलतो, कोट तोच राहतो. शिवणीत भरपूर जादा कापडाची माया ठेवलेली आहे. कुणी सुटलं की उसवायचं, कुणी वाळलं की आत घ्यायचं. कुणाच्या घरी वर्षभर काय शिजलं ते मावशींना कोटाच्या बगलेतून कळतं, अशी बँडमध्ये थट्टा चालते.

मोठा ढोल त्यांच्या नवऱ्याकडे होता. दिवसा टपाल वाटायचं, संध्याकाळी सराव. माणूस खवय्या. दरवर्षी कोट थोडा सैल करावा लागे आणि दरवर्षी मावशी म्हणत, "अहो, ढोल एकच न्यायचाय. दुसरा घरी ठेवून जा."

गेल्या वर्षी पहिल्यांदाच कोट त्यांना ढगळ झाला. मावशींनी दोन्ही बाजूंनी आत घेतला. मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा आत घेतला. त्या खूश होत्या. शेजारणीला त्यांनी सांगितलं की इतकी वर्षं बोलून जीभ झिजली, आता कुठे स्वारीने मनावर घेतलंय. मिरवणुकीत कोट असा चापून बसला होता की बँडमास्तरांनीही कौतुक केलं. पुढे जेवण जाईनासं झालं, तेव्हा डॉक्टरकडे गेले. पोटातली गाठ तोवर पसरली होती. झाडांची पानं गळायच्या आत ते गेले.

यंदा ढोल बेकरीवाल्याकडे आला. चाळिशीचा, अंगाने भरलेला माणूस. बँडमास्तर कोट मागायला आले ते आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलत बसले. मावशींच्या मुलीचं म्हणणं होतं, बाबांचा कोट घरातच राहू दे, बँडवाले करतील काहीतरी. मावशींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि कपाट उघडलं. ढोलाशिवाय बँड चालत नाही, आणि ठेवलेल्या कोटाला कसर लागते, एवढंच त्या म्हणाल्या.

बेकरीवाल्याच्या मापाला कोट उसवावा लागला. गेल्या वर्षीची टीप सगळ्यात आधी निघाली. मोकळ्या झालेल्या पट्टीवर मावशींनी हात ठेवून पाहिला. दोन्ही बगलांखाली पट्टी तळहाताएवढी रुंद होती. तेवढा माणूस त्यांनी हसत हसत शिवणीत घातला होता.

शेवटच्या मापाला बेकरीवाला बँडमास्तरांबरोबर आला. बाहेर टेम्पोतून लोखंडी कठडे उतरवत होते. त्याने कोट चढवला, बटणं लावली. दोन्ही बाजूंना कोट सैल झाला होता. तो आरशासमोर कौतुकाने वळून वळून बघत राहिला.

"घ्या मावशी आत," तो म्हणाला. "बायकोनं पाव बंद केलाय माझा. बेकरीवाल्याला पाव बंद, सांगायचं तरी कुणाला?"

मावशींनी बगलेच्या फुगीर कापडात बोटं घालून पाहिली. मग ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या.

"जेवण जातं का तुला?"

"मिळेल तेवढं जातं की."

"काढ कोट. आधी डॉक्टरला दाखवून ये. मग मी टीप मारते."

तो हसला. बँडमास्तरांनी समजूत घालायला सुरुवात केली. मिरवणूक तोंडावर आलीय, हा ठणठणीत आहे, परवाच्या सरावात गळ्यात ढोल घेऊन अख्खा चढ चढला.

"तेही चढले होते, भाऊजी," मावशी म्हणाल्या.

कोट मावशींनी घडी करून मांडीवर घेतला.

बेकरीत दोन दिवस यावरून हसणं चाललं. मावशी आता पोटाच्याही शिवणी उसवून बघणार म्हणे. बेकरीवाल्याची बायको मात्र हसली नाही. तिने नवऱ्याला स्वतः तपासायला नेलं.

तो परत आला तेव्हा पावाची पिशवी घेऊन आला. "काही नाही निघालं, मावशी. सकाळी गेलो, दुपारी दुकान उघडलं. पोटाला थंड मलम लावतात आणि यंत्र फिरवतात. एवढंच."

"दुखत नाही?"

"छे. गुदगुल्या होतात."

"सकाळी गेलास," मावशी म्हणाल्या, "आणि दुपारी दुकान उघडलंस."

तो हो म्हणाला. मावशींनी पिशवी घेऊन बाजूला ठेवली. मग टाचण्या तोंडात धरून त्यांनी त्याला हात वर करायला खुणावलं.

तो गेल्यावर त्यांनी मशीनवर दोन्ही बाजूंनी टीप मारली. कापडावर गेल्या वर्षीच्या टिपेची भोकं अजून दिसत होती. नवी टीप त्यांच्या बरीच बाहेरच्या बाजूला पडली.