अण्णांची आंघोळ

आमच्या हौदाच्या गल्लीतलं एखादं बिऱ्हाड वेशीबाहेर सावेडीला राहायला निघालं, की शेजारचे अण्णा अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायचे. सामानाचा टेम्पो वळला रे वळला, की हौदातली बादली डोक्यावर ओतायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "गेले. आपल्याला मेले."

आम्ही हसायचो. निजामशाहीत खापरी नळांनी डोंगराकडचं पाणी या हौदात कसं आणलं, हे अण्णा असं सांगायचे, की स्वतःच नळ पुरायला गेले असावेत. माझ्या लहानपणी गल्लीत घरोघर माग होते. बोलायचं तर ओरडावं लागे. मग माग बंद पडले, घरांची कापडाची गोदामं होऊ लागली. "शहर वेशीच्या आत," अण्णा म्हणायचे. "भायेर रान हाय. रानात ऱ्हायला आपन काय कोल्हे हाये का?"

माझ्या वडिलांची छाती मागावर उडणाऱ्या सुताच्या तुसानं खराब झाली होती. आमच्या खोलीत ऊन कधी यायचं नाही, भिंतींना बारमाही ओल. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत न्या. मी सावेडीत दोन खोल्या बघून आले, आईनं भांडी बांधली. तेवढ्यात अण्णा येऊन उंबऱ्यावर बसले. "भाऊ, तुमीबी? मग माझ्याजवळ कोन ऱ्हायलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, एवढं मी आजही कबूल करते. वडील विरघळले. आईनं भांडी सोडली.

त्याच हिवाळ्यात वडील गेले. खांदा द्यायला अण्णाच पुढे होते.

मग दुष्काळ आला. हौद आटला, गल्ली टँकरवर जगू लागली. आणि एका सकाळी अण्णांच्याच दारात टेम्पो लागला. घर गोदामाला दिलं होतं. सावेडीत बंगला तयार होता. त्याचा पाया माझे वडील हयात असतानाच भरला होता, हे त्यांच्या मुलानंच कौतुकानं सांगितलं.

अण्णा आईपाशी आले. "वैनी, पोरांपुढं काय चालतंय? अन् तिकडं हवा लई चांगली हाय."

पहाटे रांगेत उभं राहून आणलेली कळशी आईनं आतून उचलून आणली. टेम्पो हलला, तशी कोरड्या हौदापाशी उभी राहून, अण्णांच्या डोळ्यांदेखत, तिनं ती लुगड्यानिशी डोक्यावर ओतली.

त्या दिवशी घरात प्यायला घोटभर पाणी नव्हतं. पण शेजारी मागायला मी गेले नाही.