पुसलेला गाल

सखूमावशी होत्या म्हणून हा फोटो घरी गेला. हळदीच्या गिरणीत आम्ही शेजारी बसून पूड चाळतो. कामगारांचे फोटो काढायला एकजण आले होते, त्यांनी आम्हा दोघींचा काळा-पांढरा फोटो छापून दिला. आठवीतून शाळा सोडून इतक्या लांब आलेली मी, त्या फोटोत हळदीच्या पुडीमुळे तोंडाला राख फासल्यासारखी दिसते. आई बघेल आणि रडेल, हीच धास्ती.

मावशी हसल्या. "अगं, रंगीत असता तर पोरीनं परस्पर हळद लावून घेतली म्हणून गाव गोळा झालं असतं! पाठव गुमान."

पाठवला. आईचा फोन आला.

"गाल कुणी पुसला गं तुझा?"

मी परत बघितलं. राखाडी तोंडावर एक गाल तेवढा काळासावळा, स्वच्छ. फोटोच्या जरा आधी डोळ्यात पूड गेली तेव्हा मावशींनी पदरानं डोळा-गाल पुसला होता.

दिवसभर हळदीत बसणाऱ्या मावशींना, नवरा गेल्यापासून कुणी हळदीला बोलवत नाही. मावशी, माझं लग्न ठरू दे. माझ्या त्याच गालाला पहिली हळद तुम्हीच लावायची. कोण काय म्हणेल, ते मी बघून घेईन.