खांद्यावरची थाप

दिवसभर मोटरसायकल चालवली की संध्याकाळी माझे हात माझे राहत नाहीत. हायवेवरच्या टपरीवर चहाचा ग्लास धरला, तर तो गरम आहे हे ओठांना कळलं, बोटांना नाही. सत्तरीला आल्यावर एवढं चालायचंच.

समोरून एक जोडपं निघालं होतं. बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसली, पदर खोचला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हलकी थाप मारली. त्याने मागे न बघता गाडी सोडली. ती थाप म्हणजे ‘बसले, चल’. आमच्याकडेही हेच होतं. ‘बसलीस का?’ असं मी बायकोला कधी विचारलं नाही आणि तिनेही ते कधी तोंडाने सांगितलं नाही.

आता तिच्या जागेवर बॅग बांधलेली असते. ती गेल्यापासून मी एकटाच लांब लांब जातो. लोक म्हणतात, या वयात कमाल आहे तुमची. मला कमाल वाटत नाही आणि खरं सांगायचं तर दुःखही वाटत नाही. हँडलवरच्या बोटांसारखं झालंय. पकड सुटत नाही, पण हातात काय आहे ते जाणवत नाही.

ग्लास ठेवून मी गाडीवर बसलो, इंजिन चालू केलं, गिअर टाकला.

“काका, मागं कुणी बसायचंय का अजून?” टपरीवाल्या बाईंनी विचारलं.

तेव्हा लक्षात आलं, क्लच दाबून मी केव्हाचा तसाच थांबलो होतो.