उजवीकडे म्हणजे कोणाच्या?

तो मेमो मी टाइप केला होता, हे आधीच सांगून टाकते. तीन कार्बन लावून, एकही खाडाखोड न करता.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते. तिथे मालवणकडचे एक शिपाई होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडा बांधायचा तो त्यांनीच. फुलं घालून घडी करायची, वर होडीवरची सरकती गाठ. साहेबांनी दोरी नुसती हिसकली की झेंडा उलगडायचा. साहेब किती बदलले, गाठ तीच राहिली. मामा मार्चमध्ये रिटायर होणार होते आणि येणारी सव्वीस जानेवारी त्यांची शेवटची होती. हे ते दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचे.

डिसेंबरात कुठलेसे परदेशी पाहुणे ऑफिस बघायला येणार असं कळलं. दोन काठ्या उभ्या राहिल्या, एक आपल्या झेंड्याची आणि एक पाहुण्यांच्या झेंड्याची. वरून आलेल्या पत्रात एकच ओळ होती: राष्ट्रध्वज उजवीकडे असावा. मामांनी त्याप्रमाणे झेंडे लावले. साहेब फाटकातून आत आले आणि जागच्या जागी थांबले, कारण तिरंगा त्यांच्या डावीकडे दिसत होता.

"उजवीकडे सांगितलं होतं ना?"

"होय साहेब. पण उजवो कोणाचो? तुमचो की झेंड्याचो?"

साहेबांनी वळून फाटकाकडे तोंड केलं. तिरंगा उजवीकडे आला. ते परत इमारतीकडे वळले, तर तो पुन्हा डावीकडे गेला. असं तीनदा झालं. हेडक्लार्क म्हणाले, इमारतीची उजवी बाजू धरायची. मग इमारतीचं तोंड कुठे यावर वाद सुरू झाला, कारण पुढच्या दाराशी गटाराचं काम चालू असल्याने आम्ही सगळे वर्षभर मागच्या दाराने ये-जा करत होतो. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. साहेबांनी घाईघाईत झेंड्यांची अदलाबदल करायला लावली. पाहुण्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मामांना मेमो मिळाला. वरिष्ठांना उलट प्रश्न केल्याबद्दल पुढील आदेश होईपर्यंत ध्वजस्तंभास हात लावू नये. मामांनी तो वाचला, सही केली आणि त्या दिवशी डबा उघडला नाही. मला माझ्या बोटांची लाज वाटली.

आठवड्याने सविस्तर नियम आले. झेंड्यांच्या मध्ये उभं राहून लोकांकडे तोंड केलेल्या माणसाच्या उजव्या हाताला राष्ट्रध्वज असावा. म्हणजे मामांचंच बरोबर होतं. मी तो कागद मुद्दाम मेमोच्या फायलीत वर लावून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी समासात लिहिलं, 'चर्चा करा.' हेडक्लार्कनी माझ्याशी चर्चा केली ती अशी: "मेमो मागे घ्यायचा नमुनाच नाही आपल्याकडे. राहू दे ना."

सव्वीस जानेवारीला झेंडा हेडक्लार्कनी बांधला. त्यांना एकच गाठ येत होती, फायलीची. साहेबांनी दोरी ओढली. गाठोडं वरच्या वर हललं आणि आणखी आवळलं. पुन्हा ओढली. सगळा स्टाफ सावधान उभा होता, राष्ट्रगीत सगळ्यांच्या ओठांशी येऊन थांबलं होतं. "वाट लागली," कुणीतरी पुटपुटलं. शेवटी साहेबांनी रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं.

"मामा, बघा जरा."

मामा हलले नाहीत. "हात लावू नको म्हणान लेखी आसा, साहेब. आता लाव म्हणान लेखी होया."

साहेबांचे कान लाल झाले. मी पर्समधून पेन काढलं, हजेरीच्या वहीतलं मागचं कोरं पान फाडलं आणि हेडक्लार्कच्या पाठीवर ठेवून लिहिलं: मेमो चुकीचा होता, तो रद्द करण्यात येत आहे, ध्वज यांनीच बांधावा. शेवटचे शब्द मला कुणी सांगितले नव्हते, आणि पहिलेही. साहेबांनी न वाचता सही केली. मामांनी मात्र सावकाश दोनदा वाचलं, कागद घडी करून खिशात घातला आणि मग पुढे झाले. झेंडा खाली घेतला, गाठ सोडली, आपली मारली, वर चढवला. साहेबांनी दोरी हिसकली आणि झेंडूच्या पाकळ्या त्यांच्याच टकलावर पडल्या.

मार्चमध्ये मामांचे कागद तयार करताना लक्षात आलं की त्या आदेशाची ऑफिस कॉपी नाहीच. दप्तरात फक्त मेमो होता. मी मामांना म्हटलं, तो कागद द्या, नक्कल करून फायलीला लावते, नाहीतर तुम्ही कायमचे चुकलेले राहाल.

मामांनी खिशावर हात ठेवला.

"हापिसात चुकलेलो रवलंय तरी चलात गे. घरात बरोबर होया."