संगत लागते म्हणणारे मामाजी

माणसाला जे काही होतं ते संगतीनं होतं, यावर माझ्या नवऱ्याच्या थोरल्या मामांइतका गाढ विश्वास असलेला माणूस अख्ख्या नागपुरात सापडणार नाही. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथे पितळ आणि ॲल्युमिनियम एका फळीवर नांदत नाहीत, आणि लोणचं आणणाऱ्या नोकराला पितळेपासून लांब, पायरीवर बसून जेवावं लागतं. हाच न्याय ते माणसांना लावतात. एका भाच्याला ऐन तिशीत टक्कल पडलं, तर मामाजींचा पहिला प्रश्न, "काहून गा, तू कोनाच्या बाजूले बसून राहिला होता?" काटोलच्या एका टकल्या व्याह्यांशेजारी तो पंगतीत बसला होता, हे शोधून काढल्यावरच ते स्वस्थ झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा माझा चहा बिघडला. त्याचं खापरही माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणींवर फुटलं.

त्यांना एकच नातवंड, यंदा दहावीत. आजवर सगळे त्याला मुलगी म्हणून ओळखत. गेल्या वर्षी जेवताना त्यानं सांगितलं, की आपण आतून मुलगा आहोत आणि मुलगी म्हणवून घेताना जीव गुदमरतो. घरात लगेच दोन तट पडले. मामाजींची सून, म्हणजे लेकराची आई, म्हणाली, हे मोबाईलचं आणि वर्गातल्या तीन मैत्रिणींचं काम. त्यातली एक आधीपासूनच असं बोलत होती. मामाजींचा मुलगा म्हणाला, मोबाईल माहीत नव्हता तेव्हाही हे लेकरू फ्रॉक दिसला की पलंगाखाली दडायचं. लेकराला ज्यांच्याकडे नेलं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यावर जाणकारांतही वाद आहे, आणि या लेकराबद्दल मी आज छातीठोक काही सांगू शकत नाही. घाई नको, चेष्टा नको, ऐकत राहा. 'थांबा' एवढ्या औषधावर आमच्या घराचं भागत नाही. सगळे मामाजींकडे वळले. संगतीचा प्रश्न म्हणजे त्यांचा हातखंडा विषय.

मामाजींनी चौकशी मांडली. तिन्ही मैत्रिणींना वडाभात खायला बोलावलं, एकेकीला नीट निरखलं, दुपारभर त्यांच्यासोबत मोबाईलवरचे व्हिडिओ पाहिले आणि संध्याकाळी स्वतःच "ओके ब्रो" म्हणू लागले. सुनेनं कपाळावर हात मारला. निघताना एक मुलगी सहज बोलून गेली, "आजोबा, आमच्यासोबत त शाळेपुरतं. बाकी लहानपणापासून त्याचा सगळा वेळ तुमच्याच दुकानात जाते ना."

मामाजींचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून ते आपलं ताट घेऊन गच्चीवर जाऊ लागले. लेकरू दुकानात आलं की काहीतरी निमित्त काढून बाहेर पडत. कोणाला काही उमगेना. एका दुपारी लेकरू माझ्याकडे आलं आणि म्हणालं, "काकू, आजोबाले माझी किळस येते. माझ्यासंग जेवत नाही आता. आईचं बोलणं मी सहन करून राहिलो, पण हे नाही होत."

मी तडक इतवारी गाठली. मामाजी पातेलं पुसत होते. रागाच्या भरात मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिठाजवळ पितळ ठेवते काय कोनी? डाग पडते ना." ते म्हणाले. "मीच मीठ होय वं. ते लेकरू आजवर माझ्याच बाजूले बसलं. माझ्याच्यानं काही झालं असन, त मी दूर नको राहू?"

मला हसूही आलं आणि रडूही. म्हटलं, "मामाजी, तुम्हाला त्याची किळस येते असं वाटतंय त्याला." त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं.

संध्याकाळी ते ताट घेऊन लेकराच्या शेजारी बसले. "तुही माय म्हणते संगत, तुहा बाप म्हणते जन्मापासून, डॉक्टरीण म्हणते थांबा," ते म्हणाले. "मले काही समजून नाही राहिलं. माझीच संगत लागली असं वाटलं म्हणून दूर बसलो. पण एकट्यानं मले जेवण जात नाही." लेकरानं आपली अर्धी भाकर मोडून त्यांच्या ताटात ठेवली.

घरातला वाद अजून मिटलेला नाही. मिटेल असं वाटतही नाही. दहावी झाली की लेकराला शिकायला पुण्याला जायचं आहे. परवा मी मामाजींना विचारलं, तुम्हाला करमेल का हो? ते त्याच्यासाठी संत्रं सोलत होते.

"ते जाईन तवा जाईन," ते म्हणाले. "आज त बाजूले हाये."