दिसल्याशिवाय हलायचं नाही

काचेवरचा बर्फ खरवडून झाला की ताई गाडीभोवती एक फेरी मारायच्या, पुढच्या काचेवर बोटाने टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "दिसल्याशिवाय हलायचं नाही बाप्पा."

ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. अंगात नवऱ्याचं जुनं, गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट आणि कानटोपीवरून घट्ट बांधलेला स्कार्फ. थंड गावात राहिला असाल तर असं कुणीतरी तुमच्याही पार्किंगमध्ये असेल. आपण डोळे चोळत खिडकीशी येतो तेव्हा त्यांची गाडी साफ झालेली असते.

माझा तिथला पहिला हिवाळा. स्क्रेपर घ्यायचा राहून गेला होता, म्हणून मी क्रेडिट कार्डाने काचेवरच्या बर्फात ताटलीएवढं भोक पाडलं आणि गाडीत बसलो. तेवढ्यात ताई आडव्या आल्या.

"भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही? एवढ्याशा भोकातून गाडी चालवणार?"

"ऑफिसला लेट होतोय, ताई. हीटर लावलाय, वितळेल जाताजाता."

"उतरा खाली."

मी उतरलो. स्वतःचा स्क्रेपर त्यांनी माझ्या हातात दिला आणि सगळ्या काचा साफ होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. टपावरचा बर्फसुद्धा काढायला लावला. ब्रेक मारला की तो घसरून पुढच्या काचेवर येतो म्हणे.

काही दिवसांनी मी डोकं चालवलं आणि पातेलंभर कढत पाणी काचेवर ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. ताईंनी जवळ येऊन नीट पाहिलं. "पुण्याचे ना तुम्ही? मग कोणाला काहून विचारसान!" एवढंच म्हणाल्या आणि मला ऑफिसला सोडायला निघाल्या.

त्या दिवशी गाडीत मला सगळं कळलं. भाऊजींच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा सकाळी डायलिसिसला न्यावं लागायचं. तोवर गाडी भाऊजीच चालवायचे, ताईंनी स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. या आजारपणात त्या शिकल्या. पहिल्याच हिवाळ्यात अर्धवट पुसलेली काच घेऊन त्या घाईने निघाल्या, आणि कुत्रा फिरवणारी एक बाई त्यांना दिसलीच नाही. भाऊजी ओरडले म्हणून ब्रेक लागला. बाईच्या कोटाला बंपर नुसता घासून गेला.

"आणि तीच मला सॉरी म्हणाली, भाऊ," ताई म्हणाल्या. "मी तिला मारून टाकत होती, आणि ती मला सॉरी म्हणाली."



त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "हॉस्पिटलचा फोन आला, भाऊ. किडनी मिळून राहिली. लगेच या म्हणतात. खाली येता?"

आदल्या संध्याकाळपासून पाऊस पडत होता आणि पडेल तिथे गोठत होता. सगळ्या गाड्यांवर बर्फाचं जाड कवच चढलं होतं. टॅक्सी यायला तयार नव्हती. गाडीच्या दाराला खांद्याने रेटा दिला तेव्हा कडेचा बर्फ कडकन फुटून ते उघडलं. ताईंनी काच तापवणारा डीफ्रॉस्टर पूर्ण सोडला आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी खरवडायला लागलो. भाऊजी मांडीवर बॅग घेऊन पायरीवर खुर्चीत बसले होते.

ड्रायव्हरच्या बाजूची काच मोकळी झाली. मी म्हटलं, "ताई, निघा आता. बाकीचं वाटेत वितळेल."

भाऊजींचाही धीर सुटला. "चल ना गं. दुसऱ्या कोणाला देऊन टाकतील ते!"

ताईंचे हात क्षणभर थांबले. हातमोज्याने त्यांनी डोळे पुसले.

"देऊ द्या. दिसल्याशिवाय मी नाही हलत."

आणि त्या पुन्हा खरवडायला लागल्या. रडत होत्या, पण हात थांबला नाही. मी मागच्या काचेकडे वळलो. सगळ्या काचा स्वच्छ झाल्या, ताईंनी गाडीभोवती फेरी मारली, टकटक केलं आणि भाऊजींना आत बसवलं. निसरड्या रस्त्यावरून गाडी माणसाच्या चालीने गेली.

त्या वेळेत पोचल्या. दुपारी मेसेज आला, 'आत नेलं.' संध्याकाळी दुसरा, 'झालं.' नवी किडनी शरीराने स्वीकारली. उन्हाळ्यापर्यंत भाऊजी पूर्वीसारखे फिरायला लागले.

त्यानंतर वर्षभराने दोघं मुलीजवळ टेक्सासला राहायला निघाले. मोठं सामान पुढे गेलं होतं, ते गाडीने जाणार होते. भाऊजी स्टिअरिंगवर, ताई शेजारी. मी चालत फाटकापर्यंत सोबत गेलो. तिथे सिग्नल लाल होता. काहीतरी बोलावं म्हणून मी खिडकीशी वाकलो, तर भाऊजींनी हलकेच ओठांवर बोट ठेवलं.

सीट मागे टेकवून ताई गाढ झोपल्या होत्या.